जुन्या दिवसांची ओढ आणि नव्या चालीरीतींचा राग

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या काळी घरे माणसांनी भरलेली असत, मोठ्यांच्या शब्दाला मान असे आणि शेजारी हाकेसरशी धावून येत. आता मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, घरातली कामे वाटून घेतात, आणि नात आपला जोडीदार आपणच निवडणार असे सांगते. मी काही बोललो की ‘तुम्हाला बदल सोसवत नाही’ असे ऐकून घ्यावे लागते. जुने दिवस आठवणे हा माझा दोष आहे का? आणि समाज खरोखरच बिघडत चाललेला नाही का?

उत्तर : जुने दिवस आठवणे हा दोष मुळीच नाही. 1688 मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे प्रबंध लिहिला, तेव्हा त्याने अशाच ओढीची, म्हणजे घरापासून दूर राहणाऱ्यांच्या झुरणीची, गणना आजारात केली होती. पण साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशूट यांच्या संशोधनातून वेगळेच चित्र पुढे आले आहे. एकटेपणा जाणवू लागला की माणसाला गतकाळ अधिक आठवतो आणि त्या आठवणींनी आपण कोणाचे तरी आहोत हा विश्वास परत मिळतो, असे त्यांना आढळले. तेव्हा आपल्याला भरलेले घर आठवते त्या संध्याकाळी आपल्याला नेमके काय हवे असते, याचा विचार मुलांनीही करायला हवा. ‘बदल सोसवत नाही’ हे त्यांचे वाक्य अन्यायाचे आहे, कारण आपल्या पिढीने जितके बदल पचवले तितके क्वचितच कोणी पचवले असतील.

समाज बिघडत चालला आहे का, या प्रश्नाला मात्र मी होकार देऊ शकत नाही. ॲडम मॅस्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात किमान 60 देशांतील पाहण्यांचा अभ्यास मांडला. माणुसकी ओसरत चालली आहे, असे सर्वत्र लोक अनेक दशकांपासून सांगत आले आहेत. पण आजूबाजूची माणसे आज कशी वागतात, असे विचारले की वर्षानुवर्षे मिळणारी उत्तरे जवळजवळ तीच राहतात. शिवाय ही घसरण आपल्या जन्माच्या सुमारास सुरू झाली, असेच लोकांना वाटते, मग त्यांचा जन्म कोणत्याही दशकातला असो. मनातला कडवटपणा गोडव्यापेक्षा लवकर विरतो आणि बातम्या वाईटाच्याच अधिक कानी पडतात, हे त्यामागचे कारण असावे असे ते मानतात.

तरीही हरवलेले सारेच काल्पनिक आहे, असे मी म्हणणार नाही. एकाकीपणा इतका गंभीर ठरला आहे की जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सामाजिक जवळिकीसाठी स्वतंत्र आयोग नेमला. शेजारधर्म आटला, वेळ उरला नाही, ही आपली तक्रार खरी आहे आणि ती ठामपणे मांडायला हवी. पण त्या भरलेल्या घराकडे एकदा जवळून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठत असे, सगळ्यांच्या शेवटी कोण जेवत असे, आणि आपल्याला काय हवे आहे हे तिला कधी कोणी विचारले होते का? ज्या गजबजीची आपल्याला ओढ वाटते, ती बहुतेक वेळा एखाद्या स्त्रीच्या न मोजलेल्या कष्टांवर उभी असे, आणि तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती. हे एका घरापुरते किंवा एका समाजापुरते नव्हते : स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क 1971 मध्ये मिळाला, आणि पश्चिम जर्मनीत 1977 पर्यंत संसाराची कर्तव्ये सांभाळूनच पत्नीने नोकरी करावी, असे कायदाच सांगत होता. 1950 च्या सुमारास जगात जन्मलेल्या साधारण पाचांतले एक मूल पाच वर्षांचे होण्याआधी दगावत असे. आज ते प्रमाण शंभरात चारांहून कमी आहे. त्या आयांचे दुःखही जुन्या दिवसांतच मोडते, एवढे विसरू नये.

आपल्या पत्रात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. ‘मला माणसे हवी आहेत’ ही भावना आहे आणि तिला उत्तर म्हणून घरच्यांचा सहवास मिळायला हवा. ‘नातीने जोडीदार निवडू नये’ हे मात्र मत आहे, आणि पूर्वी असे नव्हते, एवढे कारण त्याला पुरत नाही. तिची निवड चुकेल अशी भीती वाटत असेल, तर त्या मुलाचा स्वभाव, त्याचा कामधंदा, रागाच्या वेळी तो कसा वागतो, याबद्दल तिला विचारा. अनुभवी माणसाचे असे प्रश्न ती ऐकून घेईल. निवडण्याचा हक्कच नाकारलात, तर ती आपल्याला काही सांगायचेच बंद करेल, आणि ज्या एकटेपणाने आपण आज कष्टी आहात तो वाढेल. कामांच्या वाटणीत तर एखादे काम आपण स्वतः मागून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. सून भाजी चिरत असताना शेजारी बसून तेच काम करू लागलात, तर तेवढा वेळ माणसे आपोआप जवळ असतील, आणि जुन्या घराबद्दल बोलायचे असेल तर तेव्हा बोला. फक्त तिथे कोण किती राबत होते, हेही त्यात येऊ द्या.