खेळाडूचा कोच होताना

अरे मस्त, स्वतः बास्केटबॉल खेळलायस, आता पोरांच्या टीमचा कोच होऊ का विचारतोयस, तर घे ती पोरं हाताखाली! फक्त एकदा स्टीव्ह करचं बघ, खेळाडू म्हणून एनबीएची (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ५ टायटल, १९९७ च्या फायनलमध्ये जॉर्डनच्या पासवर निर्णायक बास्केट, आणि तोच माणूस गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीए टीमचा कोच असताना २०१८ मध्ये एका मॅचला टाइमआउटमध्ये डाव आखायचा बोर्ड न् मार्कर खेळाडूंच्याच हातात देतो.

सुरुवातीला एवढंच कर:
- "मी असतो तर टाकला असता" हे बोलूच नकोस. सगळे इथेच चुकतात, आपल्याला सहज जमायचं ते पोराला का जमत नाही हे कळत नाही मग आपण नुसतं ओरडतो.
- टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांग, पोरं धापा टाकत असतात.
- बेंचवरच्यांशी रोज बोल.

झोन, प्रेस वगैरे डिफेन्सचे प्रकार नंतर बघू.