अर्थ कळना, पूण भावार्थ आसा

सावंतवाडीच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "आमच्या शेजारी मूळच्या गोव्याच्या एक ख्रिस्ती काकी राहतात. रोज संध्याकाळी बायबल वाचतात. एकदा मी सहज विचारलं, 'काकी, हे सगळं समजतं का हो?' त्या हसून म्हणाल्या, 'अर्थ सगळो कळना गो, पूण भावार्थ आसा.' मी चक्रावले. अर्थच कळत नसेल तर भावार्थ कुठून आला? त्यांचा शब्द चुकला का?"

शब्द चुकलेला नाही, ताई. तुम्ही ऐकलात मराठी शब्द, त्या बोलल्या कोकणी शब्द, आणि दोन्हींचं रूप एकच. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत 'भावार्थ' म्हणजे श्रद्धा. श्रद्धावंत माणूस तो 'भावार्थी'. (क्रियापद मात्र वेगळं, 'सत मानप', म्हणजे खरं मानणं.) काकींना म्हणायचं होतं, सगळं समजतं असं नाही, पण माझी श्रद्धा आहे. आपल्या डोक्यात भावार्थ म्हटला की दहावीचा पेपर येतो, 'खालील ओळींचा भावार्थ लिहा', गुण चार.

पण हा अर्थ आपल्याला परका नाही, आपण तो विसरलो आहोत. जुन्या मराठीत 'भावार्थ' दोन्ही अर्थांनी चाले: आशय हा एक, आणि मनापासूनची भक्ती हा दुसरा. 'भावार्थे' म्हणजे भक्तिभावाने, 'भावार्थी' म्हणजे श्रद्धाळू. मूळ शब्द 'भाव'. 'देव भावाचा भुकेला', 'भाव तेथे देव' या म्हणींतला भाव तोच. 'भाविक' या शब्दात तो अजून टिकून आहे. एरवी हल्ली भाव म्हटलं की कांद्याचा, नाहीतर खायचा.

हा शब्द चर्चमध्ये नेणाऱ्यांत मोठं नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचं. जेझुइट या ख्रिस्ती संघाचे हे इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये वारले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. त्यातली मराठीच्या कौतुकाची ओवी सगळ्यांना पाठ असते, पुढे मात्र फारसं कोणी वाचत नाही. ग्रंथाच्या आरंभी गोव्याच्या साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं एखादं पुराण का नसावं? बाप्तिस्मा झाला होता, शिकवणीचे धडे पाठ होते, पण मनाला धरून ठेवील असं आपल्या भाषेत काहीच नव्हतं. अशा श्रोत्यांना श्रद्धेसाठी 'फीदेस' हा लॅटिन शब्द देऊन काय उपयोग? स्टीफन्सनी त्यांच्या ओळखीचा 'भावार्थ' घेतला. पुढे गोव्यातलं मराठी पुराणवाचन मागे पडलं, पण शब्द कोकणी प्रार्थनेत राहिला.

समासाचं बघा. आपण 'भावाचा अर्थ' असा विग्रह करतो. काकींचा शब्द मला 'भाव हाच अर्थ' असा सोडवावासा वाटतो. हा माझा खेळ आहे, व्याकरणाचा निवाडा नव्हे. पण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या क्रुसासमोर लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणताना सगळे एका सुरात 'ओरा प्रो नोबीस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) गातात, आणि लॅटिन मात्र कोणालाच येत नाही, तिथे हा विग्रह सहज पटावा.

आता काकींचं वाक्य त्यांच्याच ग्रंथाशी ताडून पाहू. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. तो आईबापांना जे उत्तर देतो ते त्यांना समजलं नाही, असं पन्नासावी ओळ सरळ सांगते. लगेच पुढच्या ओळीत, आईने हे सारं मनात जपून ठेवलं. न समजलेलं तिने टाकून दिलं नाही, आणि समजल्याचा आवही आणला नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत, अशी कबुलीच आहे. म्हणजे तक्रार ग्रंथाइतकीच जुनी!

शब्दवेड्यांसाठी खरी मेजवानी बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. शत्रू चालून येत असताना संदेष्टा आहाज राजाला बजावतो: 'इम लो तआमीनू, की लो तेआमेनू.' हे हिब्रू, म्हणजे विश्वास धरला नाहीत तर उभे राहणार नाही. दोन्ही क्रियापदं एकाच धातूची, 'पक्कं असणे' या अर्थाची; 'आमेन' त्यातलाच. मराठीत कोटी साधायची तर मी म्हणेन, 'टेकला नाहीत तर टिकणार नाही.' ग्रीक अनुवादात मात्र दुसरा भाग 'तुम्हाला समजणार नाही' असा झाला. त्यावरून केलेला लॅटिन पाठ संत ऑगस्टीन यांच्या हाती आला, आणि आधी विश्वास मग आकलन हा विचार त्यांनी या ओळीच्या आधाराने वारंवार मांडला. मूळ हिब्रूत समजण्याचा विषयच नव्हता. होता तो उभं राहण्याचा. याच धातूचा 'एमुना' हा शब्द बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात मोशेच्या हातांना लावला आहे. लढाई चालू असताना त्याचे वर धरलेले हात दमतात. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते उचलून धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहतात. त्या स्थिरतेला 'एमुना', आणि श्रद्धेलाही तोच शब्द. तोही दुसऱ्यांनी आधार दिलेल्या हातांसाठी.

एवढं म्हटल्यावर एक तिखट बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर 'भावार्थ' ही आळसाची सबब होईल. पंडिता रमाबाईंना न समजणं मान्य नव्हतं. स्वतः संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांना मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खटके, कारण केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना ती कळत नसे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं बायबल एकहाती उतरवलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. ग्रंथ 1924 मध्ये छापून आला. काकींच्या भक्तिभावाला मान, पण अर्थ कळावा म्हणून कोणीतरी असं राबावं लागतं.

तेव्हा ताई, काकींचं वाक्य मराठीत सांगायचं झालं तर 'पण माझा विश्वास आहे' असं करू नका. मराठी बायबलमध्ये 'विश्वास' हाच शब्द रूढ असला, तरी त्याने वाक्यातली अर्थ आणि भावार्थाची जोडी तुटते. 'अर्थ सगळा कळत नाही गं, पण भाव आहे' हे त्यातल्या त्यात जवळचं. आणि पुढच्या वेळी त्यांना कुठली ओळ अडते ते विचारा. आपल्याकडच्या 'भावार्थ लिहा'च्या सवयीचा तेवढा तरी उपयोग होईल.