नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पॅथोफिजिओलॉजी (आजारात शरीराचं काम कसं बिघडतं, हा विषय) लक्षातच राहत नाही. कसा अभ्यास करू?

आधी लक्षणांच्या याद्या पाठ करणं थांबवा. प्रत्येक लक्षणाला 'का?' विचारा. हार्ट फेल्युअर घ्या, म्हणजे हृदय रक्त ढकलायला कमी पडणं. हृदयाची डावी बाजू रक्त पुढे ढकलायला कमी पडली की ते मागे फुप्फुसांत तुंबतं, म्हणून आडवं झोपलं की दम लागतो. उजवी बाजू थकली तर पायांवर सूज. एवढं कळलं की पेशंटला उशांना टेकवून का बसवतात, रोज ठरावीक वेळी वजन का करतात (१ लिटर पाणी साठलं की वजन साधारण १ किलोने वाढतं) हे वेगळं पाठ करावं लागत नाही. त्यासाठी रक्ताभिसरणाचा मार्ग मात्र पुस्तक न बघता काढता यायलाच हवा. वॉर्डातून आल्यावर त्या दिवशीच्या एका पेशंटची अशी 'का?'ची साखळी मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहा.