वाचकांचे प्रश्न : ‘बेन-हर’ लिहिणारा सेनापती

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे. पेटी वाजवते, चित्रं काढते, मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर खोलून पुन्हा जोडते, शिवाय गोष्टी लिहिते. तिची आई म्हणते, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ मागच्या अंकात तुम्ही ‘बेन-हर’च्या लेखकाला हरहुन्नरी म्हटलं होतं. या माणसाला सगळं कसं जमलं? – एक पालक, चोपडा

उत्तर : भाऊ, ‘बेन-हर’ ही कादंबरी लिहिणाऱ्या अमेरिकी लू वॉलेसचं आयुष्य पाहिलं तर ही म्हण त्यालाही ऐकावी लागली असती. वकिली, इंडियानाच्या विधिमंडळात सदस्यत्व, लष्करात सेनापतिपद, मग राज्यपाल, मग राजदूत. चित्रं काढायचा, व्हायोलिन हाताने बनवायचा. मासेमारीच्या काठीचं रीळ मुठीतच बसवायची युक्ती काढून त्याने पेटंटही घेतलं. पण मला त्याच्या लेखनाबद्दलच बोलायचं आहे, कारण बाकी सगळी कामं येत-जात राहिली आणि लिहिणं तेवढं त्याने सोडलं नाही.

जन्म १८२७चा. वडील इंडियाना राज्याचे राज्यपाल होते. पोराचं शाळेत मन नव्हतं, चित्रकार व्हायचं होतं, ते घरी पटलं नाही. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी शिक्षणावर झालेल्या खर्चाच्या पावत्या पुढ्यात ठेवल्या आणि सांगितलं, आता तुझं तू कमव. पोरगा सरकारी कचेरीत दस्तांच्या नकला करू लागला. स्पॅनिशांनी मेक्सिको कसा जिंकला यावरची ‘द फेअर गॉड’ ही कादंबरी त्याने त्याच कोवळ्या वयात लिहायला घेतली. ती छापून आली १८७३ साली. मधे दोन युद्धं झाली, लग्न झालं, वकिली झाली, पण बाड त्याने फेकलं नाही.

त्याच्या आयुष्यातला मोठा घाव ६ एप्रिल १८६२चा, अमेरिकी यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईतला. त्याचा वरिष्ठ सेनापती ग्रँटचा फौज घेऊन येण्याचा हुकूम आला, पण तो तोंडी सांगितलेला आणि दुसऱ्याच अधिकाऱ्याने घाईत कागदावर उतरवलेला. वॉलेसने आपल्या समजुतीप्रमाणे वाट धरली. तोवर आघाडी मागे हटली होती. ते कळल्यावर फौज वळवून दुसऱ्या वाटेने आणावी लागली आणि तो रणावर पोचला तेव्हा अंधार पडला होता. ठपका बसला तो बसलाच. १८६४मध्ये मोनोकसी नदीवर तो लढाई हरला, पण शत्रूला एक दिवस अडवून धरल्यामुळे राजधानी वॉशिंग्टन वाचली, हे ग्रँटनेही मोकळेपणी मान्य केलं. तरी शायलोचा सल गेला नाही. ग्रँटने त्याबाबत जरा दुरुस्ती केली ती आपल्या आठवणींच्या पुस्तकात, तीही तळटीपेत, वीसहून अधिक वर्षांनी.

आता ‘बेन-हर’ उघडा. जेरुसलेममधला ज्यूडा बेन-हर गच्चीवरून रोमन अधिकाऱ्याची मिरवणूक पाहतोय. हाताखालचं कौल निसटतं आणि त्या अधिकाऱ्याला लागतं. खुनाच्या प्रयत्नाचा आळ येतो, लहानपणीचा मित्र मेसाला उलटतो, आई आणि बहीण कोठडीत आणि ज्यूडा गलबतावर वल्ही मारायला. हातून नकळत घडलेली गोष्ट आणि आयुष्यभराचा डाग! हे शायलो भोगलेल्या माणसानेच लिहिलं, असं माझं ठाम मत आहे.

रथांच्या शर्यतीचं प्रकरण तर सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखणाऱ्याने वाचावं. पुढे सुटका झालेला बेन-हर मेसालाविरुद्ध एका अरब शेखचा रथ हाकतो, त्या शेखच्या चारही घोड्यांना ताऱ्यांची नावं आहेत. प्रत्येकाला किती लगाम द्यायचा, वळणावर आतल्या घोड्याचं काय करायचं, हे घोड्यावर बसून फौज चालवलेला माणूस सांगतो. सिनेमात मेसालाच्या चाकाला पाती आहेत आणि तो आपल्याच कपटाने पडतो. पुस्तकात बेन-हर स्वतः आसाच्या टोकाने त्याचं चाक मोडतो. पुस्तकातलं मला जास्त खरं वाटतं.

शेवटची प्रकरणं त्याने न्यू मेक्सिकोचा राज्यपाल असताना, सांता फेच्या जुन्या राजवाड्यात लिहिली. दिवसा टोळीयुद्धाचा बंदोबस्त, बिली द किडसारख्या बंदूकबाजाशी बोलणी. रात्री खिडक्यांची दारं लावून लिहिणं, कारण दिव्याच्या उजेडात बसलेला राज्यपाल बाहेरून सहज टिपता आला असता. नोव्हेंबर १८८०मध्ये पुस्तक निघालं. सुरुवातीला खप बेताचाच होता. मग राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनी ते वाचलं आणि वॉलेसला कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, राजदूत म्हणून पाठवलं. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या सर्वाधिक खपलेल्या अमेरिकी कादंबऱ्यांत या पुस्तकाची गणना झाली.

वहिनींना सांगा, लेकीला स्टार्टर खोलू द्या, पेटी वाजवू द्या. फक्त तिची गोष्टींची वही रद्दीत जाऊ देऊ नका. ग्रंथालयाच्या काउंटरवर मी अशा मुली पाहिल्या आहेत, त्यांच्या वह्या लग्नाच्या साफसफाईत गेल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : याच लेखकाची ‘द प्रिन्स ऑफ इंडिया’ आपल्या देशावर आहे का? – एक शिक्षिका, शहादा

उत्तर : नाही, ताई. १८९३ची ही कादंबरी १४५३मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं त्यावर आहे. हिंदुस्थानचा राजपुत्र म्हणवणारा नायक म्हणजे ख्रिस्ताच्या शापाने युगानुयुगं भटकणारा ज्यू. अस्तंब्याच्या यात्रेला जाणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्यांना तो लगेच समजेल, अश्वत्थाम्यासारखाच त्यालाही मरण नाही. मात्र पुस्तक लांबलचक आहे. आधी ‘बेन-हर’ वाचा, आणि त्यातला सुरुवातीचा वर्णनांचा भाग जड वाटला तरी कौल निसटतं तिथपर्यंत थांबू नका.