पशुवैद्यकीय प्रॅक्टिसमध्ये दोन वर्षांतच थकून गेले आहे. हे क्षेत्र सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की प्राण्यांचा लळा म्हणून या क्षेत्रात आलात आणि आता सकाळी क्लिनिकपाशी पोचल्यावर आत जाववत नाही. मालक बिलावरून वाद घालतात, सिनियर सगळ्यांसमोर चुका काढतात, रात्री केसेस डोळ्यांपुढे फिरत राहतात. मी सतरा वर्षं हेच काम करतेय. तिसऱ्या वर्षी मीही राजीनामा दिला होता. तो त्या नोकरीचा होता. पशुवैद्यकी मात्र सोडली नाही, आणि आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

आधी नेमकं काय सलतंय ते शोधा. दोन आठवडे रोज झोपण्यापूर्वी एका वहीत एकच ओळ लिहा: आज मनात काय अडकून राहिलं? माझ्या वहीत प्राणी दगावल्याच्या नोंदी थोड्या निघाल्या. ‘करता आलं असतं, पण झालं नाही’ अशाच नोंदी जास्त होत्या.

त्यातली एक नोंद अजून छळते. एक माणूस पाच महिन्यांचं पिल्लू टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. पार्वो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. रक्ताचे जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, कान हाताला गार लागत होते. मी एका दमात सांगून टाकलं, दाखल करा, चोवीस तास सलाईन लागेल, नाहीतर उपयोग नाही. त्याने खाली बघितलं, ‘बघतो’ म्हणाला, टॉवेलाची टोकं नीट खोचली आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. पैसे नव्हते तर पाळलं कशाला, म्हणून मी कितीतरी दिवस मनातल्या मनात त्याला बोल लावत होते. पण चूक माझी होती. मी त्याच्यापुढे एकच पर्याय ठेवला होता आणि तो त्याला झेपणारा नव्हता.

अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी पार्वो झालेल्या 40 कुत्र्यांवर अभ्यास केला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सगळ्यांनाच शिरेतून सलाईन देऊन सावरलं. मग 20 जणांवर नेहमीसारखे दाखल करून उपचार झाले, उरलेल्या 20 जणांना घरून ये-जा करून देता येतील एवढेच दिले: कातडीखाली सलाईन, बरेच दिवस टिकणारं अँटिबायोटिक, उलटी थांबवायला मॅरोपिटंट. पहिल्या गटातले 90 टक्के वाचले, दुसऱ्यातले 80 टक्के. कमी खर्चाचा उपचार म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता मी तपासणी झाली की लगेच, उपचार सुरू करण्याआधी, पैशांचं बोलते. ‘दोन-तीन मार्ग आहेत. आज तुम्हाला कितपत जमेल ते मोकळेपणाने सांगा, त्यात जे सगळ्यात चांगलं होईल ते करू.’ खर्चाचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा कागदावर लिहून त्यावर सही घेते. तरीही काही जण भांडतातच, पण आधी आकडा माहीत असला की बिलाच्या वेळचा भडका बराच कमी होतो. हे बोलणं टाके घालण्यासारखंच सरावाने जमतं. घरी आरशासमोर म्हणून बघा, खरंच.

प्राण्याला कायमचं झोपवायची वेळ येते तेव्हा मालकाला आधीच सांगा: डोळे उघडे राहतील, शेवटी एखादा श्वास ओढल्यासारखा होईल, लघवी होऊ शकते. हे ऐनवेळी दिसलं की त्याला वाटतं प्राण्याला त्रास झाला, आणि ते दृश्य तो आयुष्यभर विसरत नाही. पुढची दहा मिनिटं तुमची ठेवा, रिसेप्शनवर तसं ठरवून घ्या. एकदा मी म्हाताऱ्या लॅब्रॅडोरला निरोप देऊन सरळ शेजारच्या खोलीत नव्या पिल्लाला लस द्यायला गेले. त्या घरची मुलं आनंदाने उड्या मारत होती आणि माझ्या बाहीवर अजून त्या लॅब्रॅडोरचे पिवळट केस होते. असं स्वतःला करायला लावू नका.

सिनियरना एकदा एकांतात सांगा, ‘चूक दाखवा, पण मालक गेल्यावर.’ जो खरंच शिकवणारा असेल तो ऐकेल. ऐकून घेऊनही तेच चालू राहिलं तर ती जागा सोडा, तिथे आणखी वर्षं घालवू नका.

शरीराकडेही बघा. मांजराचा दात खोल रुततो आणि जखम वरून एवढीशी दिसते, पण हात दुसऱ्या दिवसापर्यंत सुजतो. वाट न बघता माणसांच्या डॉक्टरकडे जा. रेबीजची प्रतिबंधक लस घेतली नसेल तर आधी घ्या. व्यालेल्या गाई-म्हशीची अडकलेली वार (जार) काढताना हातमोजे घातलेच पाहिजेत, ब्रुसेला हा जंतू अंगात शिरला की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. गाई-म्हशींना माजावर आणायला वापरतात ते प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन कातडीतूनही शोषलं जातं, म्हणून गरोदर बाई किंवा दम्याचा त्रास असलेल्या माणसाने त्याला हात लावू नये.

आणि झोप महिनाभर उडालेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच जवळच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. अमेरिकेतल्या 1979 ते 2015 या काळातल्या नोंदींत स्त्री पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या 3.5 पट आढळलं, पुरुषांमध्ये 2.1 पट. म्हणजे हा तुमचा दुबळेपणा नाही. या कामाचं ओझंच तेवढं आहे.

एवढं करूनही क्लिनिक नकोच वाटलं तर प्रयोगशाळा, अन्नसुरक्षा, लस आणि औषधनिर्मिती, अध्यापन, वन्यजीव असे कितीतरी मार्ग आहेत. पण मी तुमच्या जागी असते तर आधी एकदा क्लिनिक बदलून बघितलं असतं. पुढच्या मुलाखतीत पगाराबरोबर तीन गोष्टी विचारा: रात्रीची इमर्जन्सी कोण बघतं, अवघड शस्त्रक्रियेला शेजारी कोण उभं राहतं, आणि आधीच्या डॉक्टरने नोकरी का सोडली? जमलं तर त्या आधीच्या डॉक्टरलाही फोन करा.