क्रमाने लावलेल्या 5000 रोल नंबरांचा बायनरी सर्च ट्री बनवतोय, पण एकेक नंबर टाकताना पायथन रिकर्शनची एरर देतं. संतुलित ट्री कसा बांधू?

तुमच्या इन्सर्टमध्ये चूक नाहीये. या ट्रीत लहान नंबर डावीकडे आणि मोठा उजवीकडे जातो, म्हणून चढत्या क्रमाने नंबर टाकले की प्रत्येक नवा नोड (ट्रीमधली एका नंबराची जागा) आधीच्याच्या उजवीकडे लटकतो. फांद्या फुटतच नाहीत, नुसती साखळी होते. हजार नंबरांना 4,99,500 तुलना होतात आणि खोलीही हजारावर जाते. रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याची, पायथनची मूळ मर्यादा 1000 आहे, त्यामुळे 5000 ला एरर येणारच. मर्यादा वाढवून काम भागवू नका, साखळी तशीच राहील.

डेटा आधीच क्रमाने आहे, मग तुलना करायच्याच कशाला? मधला उचला, रूट (सगळ्यात वरचा नोड) करा, दोन्ही बाजूंना तेच करा. 3, 8, 12, 20, 25, 31, 40 मध्ये 20 रूट होतो, त्याखाली 8 आणि 31, त्यांच्याखाली 3, 12, 25, 40. दहा लाख नंबरही 20 पातळ्यांत बसतात.

फक्त लिस्टचे स्लाइस (तुकडे) करून पुढे पाठवू नका, दरवेळी नवी कॉपी बनते. तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगणारे लो आणि हाय हे दोन इंडेक्स पाठवा. हेच जावात लिहिलंत तर मिड काढताना लो + (हाय − लो) / 2 असंच लिहा, कारण लो + हाय ही थेट बेरीज इंटमध्ये (जावाच्या ठरावीक आकाराच्या पूर्णांकात) मावेलच असं नाही. खुद्द जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये हा बग कित्येक वर्षं होता. 2006 मध्ये त्या लायब्ररीवर काम केलेले जोशुआ ब्लॉक यांनी त्यावर लिहिलं.

डेटा लिंक्ड लिस्टमध्ये असेल, म्हणजे एकातून पुढच्याकडेच जाता येत असेल, तर काय? दरवेळी मधला शोधत बसलात तर काम उगाच वाढतं. इथली युक्ती मला फार सुंदर वाटते: मधला शोधायचाच नाही. फंक्शनला फक्त संख्या सांगा, ‘इतक्या नोडचा ट्री दे’, आणि लिस्टवर सध्याची जागा दाखवणारा एकच पॉइंटर ठेवा. वरच्या उदाहरणात 7 मागितले की ते आधी डावीकडचे 3 मागतं, त्यासाठी 1, त्यासाठी 0. शून्यावरून परत येताना पॉइंटर लिस्टमधल्या पहिल्या नंबरावर, म्हणजे 3 वर असतो, तोच पहिला नोड. पॉइंटर पुढे सरकतो, 8 त्याचा पालक होतो, मग 12 उजवं मूल. 20 ची पाळी येते तेव्हा त्याची डावी बाजू पूर्ण बांधून तयार असते. कागदावर एकदा करून बघाच. अख्खी लिस्ट एकाच फेरीत संपते.

हा ट्री बांधताना संतुलित असतो, पुढे राहीलच असं नाही. नंतर नंबर वाढणार असतील तर स्वतःला संतुलित ठेवणारा एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक ट्री (नोडना लाल-काळे रंग देणारा) घ्या. जावाचा ट्रीमॅप हा रेड-ब्लॅक ट्रीच आहे; त्याला क्रमवार मॅप दिला तर तोही असाच मधला उचलून बांधतो, आणि शेवटची अर्धवट पातळी तेवढी लाल रंगवतो.

आणि नंबर कधीच बदलणार नसतील, नुसता शोधच घ्यायचा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की ट्री बांधूच नका. लिस्ट तशीच ठेवा आणि क्रमवार लिस्टमध्ये मधून अर्धं-अर्धं करत शोधणारं पायथनचं बायसेक्ट मॉड्यूल वापरा.