गाळ्यावर स्पाचा बोर्ड, लायसन्स मात्र पार्लरचं

(पंचायत कारभाराविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात एक निवृत्त पंचायत सचिव.)

प्रश्न: आमचं घर गोव्यात, बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीवर, मुख्य रस्त्याला लागून आहे. खालचा गाळा ब्युटी पार्लरसाठी भाड्याने दिला होता. गेल्या नाताळापासून तिथे स्पाचा बोर्ड लागलाय आणि रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाइकं येतात. ग्रामसभेत लोक आमच्या घराचं नाव घेऊन बोलले. मुलगा म्हणतो, सामान बाहेर काढू आणि कुलूप ठोकू. काय करावं? – एक गृहिणी

उत्तर: ताई, मुलाला आवरा. भाडेकरूचं सामान रस्त्यावर टाकलंत तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

पहिलं काम पंचायतीत. लायसन्सची प्रत मागा आणि धंद्याचा प्रकार काय लिहिलाय तो रकाना वाचा. तिथे ब्युटी पार्लर लिहिलं असेल आणि आत मसाज चालत असेल, तर लायसन्सबाहेरचा धंदा म्हणून तक्रार करायला तेवढं पुरे. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. त्याच अर्जात आरोग्य केंद्राची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आहे का, तेही विचारा.

मग सरपंच आणि सचिवांच्या नावे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेने ठराव घेतला म्हणून लायसन्स आपोआप रद्द होत नाही, हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पंचायतीला आधी कारणे दाखवा नोटीस काढावी लागते, समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. ती पायरी गाळली की स्पाचा मालक अपिलात जातो आणि महिन्याभरात बोर्ड पुन्हा वर चढतो. म्हणून तक्रारीत 'गावाची अब्रू' असलं काही लिहू नका. लायसन्स नंबर, बोर्डाचा फोटो, बंद होण्याची वेळ, एवढंच लिहा.

आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर मी अशा जागा पाहायला जायचे, तेव्हा आधी दारं बघायचे. प्लायवूडच्या पार्टिशनची खोली, खिडकी नाही, आतून कडी. ओले टॉवेल एका बादलीत, कालचे आणि आजचे एकत्र. ज्याला नीट धंदा करायचाय तो टॉवेल धुण्याची सोय आणि काम करणाऱ्यांची शिकल्याची कागदपत्रं स्वतःहून पुढे करतो. अशा माणसाला गावाने त्रास देऊ नये. किनाऱ्यावर सरळ मार्गाने मसाज करून पोट भरणारी माणसं पुष्कळ आहेत.

आता तुमच्या जिवाची गोष्ट. स्पाच्या आड वेगळाच धंदा निघाला तर तुम्हीही अडकाल. 1956च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, जागेत वेश्याव्यवसाय चालतो हे माहीत असून ती भाड्याने देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. छाप्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी तुम्हाला मिळाली, की तुम्हाला माहिती होती असं कायदा धरून चालतो. नव्हती, हे मग तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. त्यामुळे गप्प बसू नका. करारात पार्लर लिहिलं असेल तर वकिलाकडून आजच नोटीस द्या, भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात दिलाय का तेही पाहा.

एक विनंती मनापासून करते. आत काम करणाऱ्या मुलींवर राग काढू नका. 2004 मध्ये वास्कोतली बायणाची वेश्यावस्ती पाडली. घरं गेली, धंदा गेला नाही, तो लॉज आणि भाड्याच्या खोल्यांत पांगला. हाल झाले ते त्या बायकांचे. स्वखुशीने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला पोलिसांनी त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं आहे. तिथे कोणी अल्पवयीन दिसलं किंवा कोणाला कोंडून ठेवल्यासारखं वाटलं, तर मात्र पंचायतीची वाट पाहू नका. लगेच 112 लावा.

प्रश्न: मी सावंतवाडीची, पर्वरीला स्पामध्ये काम करते. मालकाने आधार कार्ड ठेवून घेतलंय. गिऱ्हाइकं नको ते मागतात, मालक म्हणतो सांभाळून घे. – थेरपिस्ट

उत्तर: बाळ, मूळ आधार कार्ड मालकाने ठेवून घ्यायचं काही कारण नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून परत माग, म्हणजे पुरावा राहील. देत नसेल तर महिला हेल्पलाईन 181. गिऱ्हाइकाचा त्रास हाही 2013च्या कायद्याखाली कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळच. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तारीख, वेळ, कोण काय बोललं, हे आज रात्रीच वहीत लिहून काढ.